फॉस्डेमला आपल्या प्रोग्रॅमिंग भाषेचा स्टँड लावायचाय? पर्ल-राकूच्या टेबलावरून सगळं सांगते

फॉस्डेम म्हणजे ब्रुसेल्सला दर हिवाळ्यात, बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या पहिल्या वीकेंडला भरणारी ओपन सोर्सवाल्यांची कॉन्फरन्स. तिकीट नाही, नोंदणी नाही, गळ्यात कार्ड नाही, युएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश कॅम्पसमधे थेट चालत आत जायचं. त्यामुळे डोकी कोणी मोजत नाही पण अंदाज आठ हजारांच्या वरचा असतो. मी तिथे पर्ल आणि राकू या दोन प्रोग्रॅमिंग भाषांच्या टेबलावर उभी असते आणि हल्ली बरेच जण विचारतात की आमच्या भाषेचं असं काही करायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. तुमची भाषा ज्युलिया असो, एलिक्सिर असो नाहीतर हॅस्केल, काम तेच असतं.

आधी हे समजून घ्या की तिथे जायचं कशाला. पायथनच्या पायकॉन इंडियासारखी (२०११ साली पुण्यात झाली होती ती) फक्त एका भाषेची कॉन्फरन्स म्हणजे घरचं कार्य, आलेले सगळे आपलेच असतात, भाषा का वापरायची हे कोणाला सांगावं लागत नाही. फॉस्डेमला तसं नसतं. तिथे शेजारच्या टेबलावर डेटाबेसवाले, पलीकडे कुठली तरी ऑपरेटिंग सिस्टिम, समोरून जाणाऱ्या बहुतेकांचा तुमच्या भाषेशी काही संबंध नाही किंवा होता आणि सुटलाय. आणि हेच लोक तुम्हाला इतर कुठेही भेटणार नाहीत. मला विचाराल तर स्टँड लावायचा तो भाषण द्यायला नाही, ऐकायला लावायचा. लोकांनी तुमची भाषा का सोडली, कुठे अडले, आजही कुठे गुपचूप वापरतात, हे तोंडावर सांगायला माणसं स्वतःहून चालत येतात, अशी जागा दुसरी नाही.

आता अर्ज. कॉल फॉर स्टँड्स, म्हणजे स्टँडसाठी अर्ज करायचं आवाहन, साधारण शरद ऋतूत निघतो, ऑक्टोबरपासून लक्ष ठेवा, मुदत फार लांब नसते. टेबलं कमी आणि मागणारे भरपूर असतात, त्यामुळे अर्जात "आमची भाषा खूप पॉवरफुल आहे" वगैरे लिहून काही होत नाही. टेबलावर येणाऱ्याला काय बघायला मिळणार, कोण कोण उभं राहणार, दोन्ही दिवस माणसं आहेत का, हे लिहा. प्रोजेक्ट ओपन सोर्स असला पाहिजे हे तर आहेच, आणि कंपनीची जाहिरात तिथे चालत नाही, तुमच्या टीममधले सगळे एकाच कंपनीचे असतील तर अर्ज समाजाच्या, म्हणजे ती भाषा वापरणाऱ्या-घडवणाऱ्या सगळ्या लोकांच्या, नावाने करा आणि टेबलावरही कंपनीचा लोगो मिरवू नका. तुमचा समाज छोटा असेल तर जवळच्या भाषेबरोबर एकच टेबल मागा, पर्ल आणि राकू तेच करतात, त्यात माणसंही वाचतात आणि येणाऱ्याला दोन गोष्टी बघायला मिळतात.

पण एक टेबल दोन भाषांत वाटायचं असेल तर एक काम अर्ज करतानाच उरकून घ्या. सगळ्यांनी मिळून दोन-तीन वाक्यं ठरवा आणि पाठ करा. आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पर्ल ६ चं काय झालं?" आणि एकाच टेबलावरच्या चार जणांनी याची चार उत्तरं दिली की समोरचा आणखी गोंधळतो. म्हणून उत्तर ठरलेलं असावं: पर्ल ६ ची पहिली स्टेबल आवृत्ती २५ डिसेंबर २०१५ ला आली, ऑक्टोबर २०१९ मधे तिचं नाव राकू झालं, ती पर्लची बहीण आहे, पर्लची जागा घ्यायला आलेली नाही, आणि पर्ल ५, म्हणजे मूळची पर्ल, स्वतंत्रपणे चालू आहे, दरवर्षी नवीन आवृत्ती येते. बस. यापुढचा इतिहास कोणी मागितला तरच द्यायचा. तुमच्या भाषेलाही असा एखादा प्रश्न असणारच, जो ऐकून टीममधल्या एखाद्याच्या कपाळाला आठ्या पडतात. तो आधीच शोधून काढा आणि त्याचं उत्तर शांतपणे, न चिडता द्यायचा सराव करा, कारण विचारणारा शंभरावा असला तरी तो पहिल्यांदाच विचारत असतो.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. आयोजकांकडून एक टेबल, खुर्च्या, विजेचा एक पॉइंट आणि वायफाय मिळतं, बाकी सगळं तुमचं. टेबलक्लॉथ न्याच, कॉलेजचं उघडं टेबल फार भकास दिसतं. एक उभा रोल-अप बॅनर, त्यावर भाषेचं नाव लांबून वाचता येईल एवढं मोठं आणि डोक्याच्या उंचीच्या वर, कारण कॉरिडॉरमधे गर्दी झाली की बॅनरचा खालचा अर्धा भाग कोणालाच दिसत नाही, बरेच लोक वेबसाइटचा पत्ता नेमका तळाशी छापतात आणि तो वाया जातो. मल्टिप्लग न्या आणि लांब एक्स्टेंशन न्या. बेल्जियमच्या सॉकेटमधे अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते, आपला भारतातला तीन पिनांचा जाडा प्लग तिथे जात नाही, दोन बारीक गोल पिनांचे मोबाइल चार्जर चालतात. लॅपटॉपसाठी अडॅप्टर घरूनच घ्या.

स्टिकर मात्र भरपूर हवेत. फॉस्डेमला येणारा माणूस लॅपटॉपचं झाकण भरायलाच येतो म्हटलं तरी चालेल. पण छापायच्या आधी लोगो कोणाचा आहे ते बघा. पर्लचंच उदाहरण घ्या, उंट हा ओरायली प्रकाशनाचा ट्रेडमार्क आहे, कांदा पर्ल फाउंडेशनचा आहे, आणि राकूचं ते रंगीत फुलपाखरू कामेलिया पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी केलेलं. म्हणजे एका टेबलावर तीन चित्रं आणि तिघांचे मालक वेगळे. ज्याचं चित्र आहे त्याच्या अटी वाचा, गरज असेल तर ईमेल करून परवानगी घ्या, आणि हे काम डिसेंबरपर्यंत संपवा, छापखान्यात फाइल गेल्यावर नाही. टी-शर्ट किंवा कॉफीचे मग विकायचे असतील तर पैसे कोणाच्या खात्यात जाणार हे आधी ठरवा, संध्याकाळी गल्ला एकाच्या खिशात राहिला की विनाकारण मनं दुखावतात. सुटे युरो जवळ ठेवा.

खाण्याचं. टेबलावर वाटीत काहीतरी ठेवलं की माणूस दोन मिनिटं जास्त थांबतो हे खरंय. मी दिवाळीसारखे शंकरपाळे करून नेते, ते टिकतात, हात तेलकट होत नाहीत आणि हे काय आहे असं विचारून बोलणं सुरू होतं. फक्त समोर एक चिठ्ठी हवी, गहू, साखर, तूप असं लिहिलेली. चिवडा मात्र टेबलाच्या मागे, आपल्या टीमपुरता, त्यात शेंगदाणे असतात आणि गर्दीत कोणाला कसली ऍलर्जी आहे आपल्याला माहीत नसतं. आणि शाकाहारी लोकांनो, कॅम्पसवर फ्राइजची गाडी दिसली की लगेच रांगेत उभे राहू नका, बेल्जियममधे फ्राइज परंपरेने बीफच्या चरबीत तळतात, कशात तळलंय ते आधी विचारा.

भारतातून येणार असाल तर व्हिसाचं लवकर बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नियमाप्रमाणे किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण जानेवारीची अपॉइंटमेंट डिसेंबरच्या शेवटी शोधत बसलात तर अवघड आहे. फॉस्डेमला तिकीटच नसल्यामुळे दाखवायला पावती नसते, म्हणून स्टँड किंवा टॉक मंजूर झाल्याची ईमेल अर्जाला जोडा. ब्रुसेल्समधे सेंट्रल स्टेशनजवळून ७१ नंबरची बस कॅम्पसला जाते, शनिवारी सकाळी ती इतकी भरते की बॅनर घेऊन चढणं मुश्किल, जमलं तर लवकरची पकडा नाहीतर ८ नंबरच्या ट्रामचं बघा. आम्ही नेदरलँड्समधून ट्रेनने सामान आणतो, मिडी स्टेशनवर बॅगेवर हात ठेवून उभं राहायचं, तिथे खिसेकापू असतात. आणि थंडी! इमारतींची दारं सतत उघडझाप होत असतात, दाराजवळचं टेबल मिळालं तर दिवसभर गार वारा, स्वेटर जाड घ्या.

शनिवारी साडेनऊला यान्सन सभागृहात उद्घाटनाचं भाषण असतं, त्याच्या आत टेबल लागलेलं पाहिजे. लोक लगेच फिरायला लागतात.

आता खरं काम, म्हणजे उभं राहणं. खुर्च्या दिल्या असल्या तरी टेबलामागे बसून लॅपटॉपमधे डोकं घालून कोड लिहित बसणारी माणसं असली की कोणी येत नाही, बँकेच्या काउंटरवर आल्यासारखं वाटतं. एक जण टेबलाच्या पुढे, बाजूला उभा, एक जण मागे, आणि तिसरा सुट्टीवर, तो जाऊन टॉक ऐकेल, जेवेल, झोपेल काहीही करेल. दीड-दोन तासांनी बदला. दिवसभर एकच माणूस बोलत राहिला तर दुपारी घसा बसतो आणि संध्याकाळपर्यंत तो लोकांना तोडून बोलायला लागतो, मग कितीही हुशार असो. ओळखीचे समाजवाले टेबलापुढे घोळका करून आपापसात गप्पा मारायला लागतात हाही मोठा प्रॉब्लेम आहे, प्रेमाने त्यांना कॉफी प्यायला पाठवा, कारण नवीन माणूस घोळक्याच्या पाठी बघून निघून जातो.

बोलायची सुरुवात "तुम्हाला पर्ल माहितीये का?" अशी करू नका, त्याचं उत्तर हो किंवा नाही आलं की गाडी तिथेच अडते. "तुम्ही कामात काय लिहिता?" असं विचारा. मग तो सांगतो, लॉग फाइली उपसतो, जीवशास्त्राचा डेटा आहे, जुनी बिलिंग सिस्टिम सांभाळतो, आणि तुम्हाला कळतं की याला नेमकं काय दाखवायचं. कधीकधी कळतं की याच्या कामाला आपली भाषा नकोच, तर तसं सांगा आणि ज्या टेबलावर त्याचं काम होईल तिकडे पाठवा. ही माणसं दुपारी परत येतात हे मी बघितलंय.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते "मी पूर्वी पर्ल लिहायचो" म्हणणारे. ते हसत येतात, जरा संकोचलेले असतात, जणू गाव सोडून गेल्याबद्दल कोणी बोलेल. त्यांना अजिबात टोचायचं नाही. उलट तेच आपले सगळ्यात महत्त्वाचे पाहुणे, त्यांना भाषा येते, फक्त त्यांच्या डोक्यात ती २००२ च्या ५.८ आवृत्तीवर थांबलेली आहे. त्यांच्यासाठी एक ए-फोर कागद छापून टेबलावर चिकटवा, डावीकडे जुन्या पद्धतीचा कोड, उजवीकडे तेच काम आजच्या पद्धतीने. फाइलच्या डोक्यावर "यूज व्ही ५.३६" एवढी एक ओळ लिहिली की स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज (या चुका पकडून देतात) आणि फंक्शनच्या सिग्नेचर्स (आर्ग्युमेंटची नावं थेट कंसात लिहायची सोय) आपोआप चालू होतात, शिफ्ट करून एकेक आर्ग्युमेंट काढत बसायची गरज उरत नाही. २०२३ च्या ५.३८ मधे क्लास हा कीवर्ड प्रायोगिक म्हणून आला, २०२४ च्या ५.४० मधे ट्राय-कॅच (एरर हाताळायची सोय) पक्कं झालं. हा कागद हातात घेऊन लोक खरंच उभे राहून वाचतात, बोटाने ओळी जुळवतात. कुठल्याही जुन्या भाषेच्या टीमने असा कागद करावा, पीएचपीवाल्यांना तर फार उपयोगी पडेल.

डेमो एकच ठेवा, एका मिनिटात संपणारा, आणि नेटशिवाय चालणारा. फॉस्डेमचं मुख्य वायफाय फक्त आयपीव्ही६ वर (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालतं, जुन्या गोष्टींसाठी फॉस्डेम-एन्शंट नावाचं दुसरं नेटवर्क असतं, पण तुमचा डेमो कशावरच अवलंबून नसला तर उत्तम. माझा लाडका डेमो सांगते. लॅपटॉपवर "पुणे" एवढा शब्द टाइप करते आणि विचारते, यात अक्षरं किती? देवनागरी न वाचता येणाऱ्यालाही स्क्रीनवर दोन आकार दिसतात, तो दोन म्हणतो. मग पर्लमधे युनिकोडचं काही न सांगता लांबी काढते, येतात १२, कारण ते बाइट्स आहेत, प, उकार, ण, मात्रा असे चार कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आणि प्रत्येकाला यूटीएफ-८ मधे, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट. मग यूज यूटीएफ८ लिहिते, येतात ४. पायथनमधे पण ४ च येतात, जावास्क्रिप्टमधे पण. आणि मग राकूमधे तोच शब्द, उत्तर २, आपण कागदावर जसं मोजतो तसं. एका आडनावात मात्रा गायब झाल्यामुळे वैतागलेला कोणी ना कोणी तिथे असतोच, थाई, तमिळ, कोरियन, त्याला लगेच आपला शब्द टाकून बघायचा असतो, कीबोर्ड त्याच्याकडे द्या. स्विफ्ट किंवा एलिक्सिरवाला म्हणेल आमच्यातही २ च येतात, तर हो म्हणा, खरंच येतात. आणि पर्लमधे सुद्धा रेजेक्समधे (मजकुरात नमुने शोधायची पद्धत) बॅकस्लॅश एक्स वापरून २ मोजता येतात हे दाखवा, म्हणजे दोन बहिणींत कोणी उणी ठरत नाही.

घाई असलेल्याला राकूमधे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ आहे का एवढंच विचारून दाखवा, ट्रू येतं, कारण दशांश लिहिलेला आकडा तिथे अपूर्णांक म्हणून साठवतात. दहा सेकंदात काम होतं.

टीका करणारेही येतात, "मेलेली भाषा" म्हणणारे येतात. वाद घालू नका. विचारा की तुम्ही गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) वापरता का, डेबियन (एक लिनक्स) वापरता का, फोटोमधली माहिती काढायला एक्झिफटूल वापरलंय का. डेबियनच्या अत्यावश्यक पॅकेजांत पर्ल आहे, एक्झिफटूल पूर्ण पर्लमधे लिहिलंय, गिटचं सेंड-ईमेल पण. एवढं सांगून थांबा. त्याला पटलं तर पटलं, नाही पटलं तरी स्टिकर द्या. मागून कोणीतरी ऐकत असतो आणि त्याला तुमचा सूर लक्षात राहतो. मात्र कोणी टीममधल्या माणसाला, खास करून मुलींना, "तुम्ही खरंच कोड लिहिता का" अशा पद्धतीचं बोलला तर ते हसण्यावारी न्यायचं नाही, फॉस्डेमची आचारसंहिता आहे आणि कोणाला कळवायचं ते टीममधल्या प्रत्येकाच्या फोनमधे सकाळीच सेव्ह करून ठेवा.

जाताना माणसाच्या हातात एकच पुढची पायरी द्या. दहा लिंकांचं पत्रक कोणी उघडत नाही. नवशिक्याला शिकायची एक जागा, जुन्याला तो ए-फोर कागद, आणि ज्याला हातभार लावायचाय त्याला चॅट चॅनेलचं नाव आणि तिथल्या एका माणसाचं टोपणनाव, म्हणजे तो सोमवारी आत आल्यावर कोणाला हाक मारायची हे त्याला माहीत असतं. नाव-ईमेल गोळा करायच्या याद्या मी ठेवत नाही, युरोपात खासगी माहितीचे नियम कडक आहेत आणि तसंही लोकांना ते आवडत नाही. त्याऐवजी एक वही ठेवा, कोण आलं हे न लिहिता काय विचारलं ते लिहा. रविवार संध्याकाळपर्यंत त्या वहीत अशा गोष्टी जमतात ज्या डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांना वर्षभर पुरतील, इन्स्टॉल करताना कुठे अडलो, कुठलं मॉड्यूल निवडायचं कळलं नाही, एररचा मेसेज समजला नाही.

डेव्हरूम, म्हणजे एका विषयाची स्वतंत्र खोली आणि दिवसभराचे टॉक, हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याचा अर्जही वेगळा. पहिल्याच वर्षी दोन्ही अंगावर घेऊ नका. टॉक मागवा, निवडा, वेळ पाळा, खोली भरली की दारात उभं राहून लोकांना नाही म्हणा, नंतर रेकॉर्डिंग तपासा, एवढं सगळं तुमच्यावर असतं. पण जमलं तर टॉकची ताकद मोठी आहे, २०१५ च्या फॉस्डेमला लॅरी वॉल यांनी स्वतः येऊन पर्ल ६ त्या वर्षी येणार असं सांगितलं आणि त्याच ख्रिसमसला ती आली. डेव्हरूम नाही मिळाली तर लायटनिंग टॉकला किंवा दुसऱ्या विषयाच्या खोलीत अर्ज करा. सिक्युरिटीच्या नाहीतर टेस्टिंगच्या खोलीत तुमच्या भाषेतलं एखादं टूल दाखवलं तर ते आपल्याच लोकांपुढे बोलण्यापेक्षा जास्त लांब जातं. टॉकची वेळ आणि खोली मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर लावा, आणि टॉक संपल्यावर वक्त्याला टेबलापाशी आणा, प्रश्न तिथेच रंगतात.

रविवारी संध्याकाळी आवरायला सगळे थांबा. कचरा उचला, टेबलाला लावलेली चिकटपट्टी काढा, शेजारच्या स्टँडला मदत करा, हे सगळं स्वयंसेवक चालवतात आणि रात्री शेवटी झाडू त्यांच्याच हातात असतो. घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत एक पान लिहा, स्टिकर किती उरले, काय संपलं, कुठला डेमो चालला, वहीतले प्रश्न कोणाकडे पाठवले. ज्यांच्याकडे बग किंवा डॉक्युमेंटेशनचं काम गेलं त्यांना मार्चमधे एकदा विचारा की काय झालं. आणि बॅनर, टेबलक्लॉथ, एक्स्टेंशन कोणाच्या घरी ठेवलंय ते त्याच पानावर सगळ्यात वर लिहा, ऑक्टोबरमधे अर्ज भरताना पहिला प्रश्न तोच येतो.